आईच्या तीनशे सीड्या

दादा,

मी सकाळच्या गाडीने निघतेय. तुला उठवलं नाही, कारण तोंडावर बोलले असते तर बाबांच्या कानावर गेलं असतं.

आईने अंध मुलांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड केलेल्या तीनशे सीड्या आई गेल्यावर तू भंगारात दिल्यास. का, तर म्हणे कॉपी करायला दोनशे दहा टीबी लागतील, एवढं ठेवायचं कुठे. मीही फोनवर हो म्हटलं, कारण घरातला कॉम्प्युटरवाला तू. काल कागदावर हिशेब मांडला. एका सीडीत सातशे एमबी मावतात, तू जीबी धरलेस. हजार एमबीचा एक जीबी, हजार जीबीचा एक टीबी, म्हणजे तीनशे सीड्यांचे झाले दोनशे दहा जीबी. तुझ्या गाडीच्या किल्लीला दोनशे छप्पन्न जीबीचा पेनड्राइव्ह लटकतोय. आई सगळीच्या सगळी त्यात मावून वर जागा उरली असती.

दूध तापवलंय. बाबांची गोळी नाश्त्यानंतर दे, आधी नको.

पलंगाखाली एक सीडी राहिली होती. ती माझ्या पेनड्राइव्हवर कॉपी करून टीव्हीला जोडलीय. बाबा चहा घेताना ऐकतात. गोष्ट ऐन रंगात येते आणि आई म्हणते, "पुढचं आता दुसऱ्या सीडीत." कालपासून बाबांनी मला चारदा विचारलं, दुसरी कुठाय म्हणून.

मी सांगितलंय, दादा लावून देईल.

धाकटी