रेशीमवाल्यांच्या ग्रुपबाहेर

प्रिय श्रेया,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचत नाहीस, म्हणून हा कागद. करमाडच्या सरूबाई उद्या रेशमाचे कोष विकायला तुझ्या जालन्याला येतायत, त्यांच्याच हाती देतोय. त्यांना तू नाही म्हणणार नाहीस.

रेशीम अळ्या पाळणाऱ्यांसाठी आपण काढलेलं ॲप शेवटचे आचके देतंय. तू सोडून गेल्यापासून एकही नवा शेतकरी आलेला नाही, होते तेही पांगले. मी खरंच घाबरलोय गं. सिडकोतल्या ऑफिसात एकटाच स्क्रीनकडे बघत बसतो. पैसे लावणारे विचारतात, पहिली माणसं कशी मिळवली होती? काय सांगू? तू त्या रेशीमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर ॲपचं नावसुद्धा काढलं नव्हतंस. कुणाच्या अळ्या सुस्तावल्या, कुणाच्या तुतीवर कीड पडली, एवढंच बोलत बसायचीस. मी चिडून तुला समाजसेविका म्हणायचो. मग लोकांनीच विचारलं, ताई, हे सगळं एका जागी मिळंल असं काही हाय का?

तू गेल्यावर मी रोज सकाळी ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या सूर्यफुलाच्या चित्राखाली आपल्या ॲपची लिंक टाकायला लागलो. ग्रुपची रीत मला माहीत होती. नव्या माणसानं आधी आपल्या शेडचा फोटो टाकायचा, अडचण विचारायची, मग बाकीचं. अळ्यांच्या शेडमध्ये पाय धुतल्याशिवाय कुणाला घेत नाहीत, आणि मी चपलांसकट घुसलो. काढून टाकलं मला. ग्रुप चालवणाऱ्या गोकुळला मी शिव्यांची लाखोली वाहिली.

परवा सरूबाईंच्या हातापाया पडायला करमाडला गेलो. त्या म्हणाल्या, गोकुळला कशाला बोलतो रं, श्रेयाबी ॲडमिन हाय, तुला तिनंच काढलं. आमी ॲपसाठी नाय आलतो, तिच्यासाठी आलतो. तू अजून रोज त्यांच्याशी बोलतेस, हे तिथं कळलं. रडू फुटलं मला, त्यांच्या दारातच.

ॲपसाठी लिहीत नाहीये. ते तुझ्या नावावर करतो, चालव नाहीतर बंद कर. सरूबाईंनी मला परातभर अळ्या दिल्यात, त्या माझ्या खोलीत आहेत. कालपासून पाला खात नाहीत, माना वर करून नुसत्या बसल्यात. मरतायत का गं? ॲपवर विचारलं, तर तिथं उत्तर द्यायला मीच एकटा. मला ग्रुपमध्ये परत घे. आधी परातीचा फोटो टाकीन.

उत्तराची वाट बघणारा,
तुझाच,
सुदर्शन