सहावं डोकं

मंगळवार, ५ नोव्हेंबर

ओला बाक! माणूस चंद्रावर जाऊन आला, पण आइस रिंकच्या बूट बदलायच्या खोलीत एक कोरडा बाक ठेवणं त्याला अजून जमलेलं नाही. इतिहासाने याची दखल घ्यावी. मी घेतली — बसून. पुढचा तासभर पाठीमागे एक थंडगार, गोल, अपमानास्पद डाग घेऊन हिंडले. हिंडले कसली! कठड्याला मिठी मारून उभी होते.

हे सगळं ताईपायी. तिला पार्किन्सन्स आहे. घरात चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटतात — दारात, लिफ्टपाशी, कुठेही. मग ती उभी, मी उभी, मागे लिफ्टवाली मंडळी चुळबुळतायत. आणि हीच बाई बर्फावर गेली की पाय सुटतात! डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "होतं असं काहींचं. का ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. जमतंय तोवर जाऊ द्या." लहानपणी ताई याच रिंकवर पडीक असायची. मी घरात पुस्तकं वाचत बसायचे, म्हणून हुशार ठरले.

सकाळचा हा 'संथ तास', म्हणजे हळूहळू स्केटिंग करणाऱ्यांचा, फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि त्याला किमान सहा डोकी लागतात. कमी भरली, की मॅनेजरीणबाई दिवे घालवतात आणि बर्फ हॉकीवाल्यांना देऊन टाकतात. गेल्या महिन्यात एक आजोबा मुलीकडे राहायला गेले, उरले पाच. "तू नुसती उभी राहा गं," ताई म्हणाली. जन्मात माझ्याकडून कुणी इतकी माफक अपेक्षा केली नव्हती.

"कठड्याच्या बाहेर उभी राहिले तर चालेल का?" मी विचारलं.

मॅनेजरीणबाई वर न बघता म्हणाल्या, "बर्फावर असेल तोच माणूस."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

पडले.

बुटाच्या पात्यांवर प्लास्टिकची टोपणं असतात. चटईवरून चालताना पातं बोथट होऊ नये म्हणून. बर्फावर जाताना ती काढायची असतात, हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे म्हणे. मला वाटलं, छान पकड बसतेय की, राहू देत! पहिल्या पावलाला पाय पुढे गेले, मी मागे राहिले.

आमच्यात एक दातांची डॉक्टरीण आहे. ती धावत आली, वाकली आणि आधी माझं तोंड उघडून बघितलं. "दात शाबूत आहेत." बाई, मी पडलेय ती दुसऱ्या टोकावर!

एवढ्यात मागून "बाजूला!" निवृत्त बस ड्रायव्हर. मी त्यांचं नाव हॉर्नकाका ठेवलंय. "कुठल्या बाजूला?" मी आडवी असल्या जागेवरून विचारलं. वळसा घालून गेले.

उरलेले दोघं नवरा-बायको. ते एकमेकांशीही बोलत नाहीत, तर माझ्याशी काय बोलणार.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

गेले. डाव्या गुडघ्याशी माझं बोलणं बंद आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मॅनेजरीणबाईंनी आज मला प्लास्टिकचा पेंग्विन दिला. चार वर्षांची मुलं धरतात तो. कंबरेइतका. त्याला ढकलत मी, वय वर्षं त्रेपन्न, साप्ताहिक सदरात अख्ख्या शहराची फिरकी घेणारी, एक पूर्ण फेरी मारली. पेंग्विनचा चेहरा हसरा आहे. फार हसरा आहे.

"बाजूला!" फेरीत तीनदा. शेवटी मी डॉक्टरीणबाईंपाशी कुरकुरले, या गृहस्थांना दुसरा शब्द येत नाही का?

"अहो, दिवसभरात तेवढंच बोलतात ते," ती म्हणाली. "घरी कोण आहे बोलायला?"

बरं. तरी हळू बोलावं माणसाने.

ताई मात्र — काय लिहू? हात मागे बांधून, मान किंचित तिरकी, कोपऱ्यावर झुकते आणि अलगद निघून जाते. हाताचा कंपसुद्धा विसरायला होतो. मला ती क्षणभर कोणीतरी परकी, सुखी बाई वाटली. मग जवळून जाताना म्हणाली, "पोक काढू नकोस." ताईच होती.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज निघतानाच ताईचे पाय फ्लॅटच्या दारात अडकले. काही केल्या सुटेनात. जिन्यात शेजारचे खोळंबलेले, तास सुरू व्हायला आलेला, आणि मी ओरडले — "अगं, उचल ना पाय! सोपं आहे!"

शेजारचे एकदम आपापल्या चपला न्याहाळू लागले.

गाडीत ती म्हणाली, "शुक्रवारी येऊ नकोस. उपकार नकोत मला."

"नाही येत, जा!"

त्रेपन्न आणि एकसष्ट. दोघींना मिळून एका इयत्तेत बसवता येईल. पहिलीत.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

गेले नाही. अंथरुणात ताठ पडून राहिले. नवऱ्याने एक डोळा उघडून विचारलं, "काय, बर्फ वितळला?" उशी फेकून मारली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. मी म्हटलं, बंद पडला असेल ना तास? तर नाही! ताईने आदल्या दिवशीच सगळ्यांना कळवलं होतं. हॉर्नकाकांनी ऐकून घेतलं. सकाळी आले ते एका माणसाला सोबत घेऊन. खालच्या मजल्यावरचा शेजारी. गाडी लावायच्या जागेवरून दोघांमध्ये सहा वर्षं अबोला. आदल्या रात्री हे त्याच्या दारात जाऊन उभे राहिले, म्हणाले, "एका बाईंचा तास बुडतोय. उद्या याल का?"

"आणि तो आला?"

"आला. तासभर कठड्याला धरून उभा होता बिचारा. तुमच्यासारखाच."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ भांडी घासली. घासलेलीच.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

न बोलावता ताईच्या घरी गेले. ताईने गाडीचं दार उघडून दिलं, एवढीच दिलजमाई.

तास अर्धा झाला असेल. ताई मधोमध होती. थांबली. मला वाटलं, दम लागला. पण ती खाली पायांकडे बघत होती. लिफ्टपाशी बघते तशी.

बर्फावरसुद्धा.

आधी हसली. मग नाही हसली. हॉर्नकाका तिच्या मागेच होते. ओरडले नाहीत. शेजारी येऊन थांबले आणि नुसता कोपर पुढे केला. कठड्यापर्यंत यायला त्या दोघांना किती वेळ लागला ते मी बघू शकले नाही.

बूट काढताना म्हणाली, "झालं गं."

"शुक्रवारी परत बघू की."

"नको. हे सुख होतं तसंच आठवू दे मला." मग म्हणाली, "रडायचं तर घरी जाऊन रड. इथे डॉक्टरीण दात तपासेल."

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

ताई घरी. सकाळी नवऱ्याचं पांघरूण ओढलं.

"अगं, पण ताई येणारच नाहीये, तर आपण कशाला?"

"मोजे घाल."

मॅनेजरीणबाईंनी मोजलं. बरोबर सहा भरलो. हॉर्नकाका आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. मी दुसरीकडे बघितलं.