नऊशे नंबरची खोली

प्रिय मनी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार पानं लिहिलीस आणि विचारलंस एवढंच, ‘आई, घेऊ का?’ समुद्राकाठच्या त्या हॉटेलच्या हिशेब खात्यातली नोकरी तुला मिळते आहे, येत्या शनिवारपर्यंत हो की नाही कळवायचं आहे, आणि एरवी चप्पलसुद्धा मला न विचारता घेणारी तू या वेळी माझ्या एका शब्दासाठी थांबली आहेस. बाबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, फोन कर आणि हो म्हणून टाक, त्यात एवढा विचार कसला. मी मान डोलावली, फोन केला नाही. आज रविवार. बाबा जेवून आडवे झालेत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुझं तिसरं पान पुढ्यात घेऊन बसले आहे. त्यावर तू लिहिलं आहेस, ‘मला भीती वाटत नाही. त्या दिवशी महिनाअखेरीचा हिशेब तसाच टाकून तू माझ्यामागे धावलीस. दोन्ही जमतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.’ पाच दिवस झाले, मी त्या ओळीच्या पुढे गेलेले नाही.

मी हॉटेलात लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आधी सहा महिने रेस्टॉरंटच्या गल्ल्यावर, मग खाली तळघरात. आमचं खातं लाँड्रीच्या शेजारी होतं. भिंत एकच, त्यामुळे टेबलावर हात ठेवला की धुलाईच्या मशीनची थरथर बोटांतून दंडापर्यंत यायची. डोक्यावरून पाण्याचे पाइप जायचे. वर कुणी अंघोळीला गेलं की ते गुणगुणायला लागायचे, आणि त्यावरून आम्ही ओळखायचो की सकाळ झाली, पाहुणे उठले. खिडकी नव्हती. इस्त्रीच्या वाफेचा वास मात्र दिवसभर असायचा, आणि खरं सांगू, तो वास आला की मला अजून आपण कुठेतरी उबदार, सुरक्षित जागी आहोत असं वाटतं.

माझं काम आदल्या दिवसाची बिलं तपासण्याचं. पाहुण्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत, पण त्यांचे दिवस माझ्या हातातून जायचे. चारशे बारामधला माणूस रोज सकाळी एक उकडलेलं अंडं मागवायचा. नऊ दिवस एक. दहाव्या दिवशी दोन. मी त्या बिलाकडे कितीतरी वेळ बघत बसले होते. कोण आलं असेल, गाडीतून उतरताना त्याने हात पुढे केला असेल का, की नुसताच हसला असेल. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, बाई, अंड्यात काय घोटाळा आहे का. मी म्हटलं, घोटाळा नाही, पण काहीतरी आहे. अकराव्या दिवशी परत एकच अंडं आलं तेव्हा मला दिवसभर उदास वाटलं. लोकांना वाटतं आकडे कोरडे असतात. तुला तसं वाटत नाही, हे तुझ्या पत्रावरून कळलं, आणि मला फार बरं वाटलं.

आमच्या मोठ्या साहेबांनी खात्यात खोडरबर ठेवायला बंदी केली होती. चुकलं तर एक रेघ मारायची, चुकीचा आकडा खाली वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. कुणी गिरवून गिरवून चूक लपवली, की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, ताई, मेकअप घरी. त्यांना गंमत करायची नसायची, ते तसं बोलायचेच. तू झालीस तेव्हा तुझे डोळे मांजरीसारखे म्हणून आजीने मनी म्हटलं, तर खात्यात सगळे म्हणाले, हिशेबवालीने पोरीचं नाव पैसा ठेवलं. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, वजन किती, आणि वहीत लिहून ठेवलं.

आणि नऊशे. नऊशेची गोष्ट तुला मी सांगायला नकोच, पण मला लिहायची आहे. हॉटेल सात मजल्यांचं, तरी हिशेबात एक खोली होती नऊशे नंबरची. जिचा दरवाजा नाही, किल्ली नाही, जिथे कुणी झोपलं नाही. ज्या खर्चाला धनी सापडत नाही, तो तात्पुरता तिथे टाकायचा. पाहुणा निघून गेल्यावर खाली आलेलं चहाचं बिल, पार्टीत कुणीतरी फोडलेली फुलदाणी, बँडवाल्यांची जेवणं. महिनाअखेरीला ती खोली रिकामी व्हायलाच हवी, एकेका खर्चाला त्याचं घर शोधून द्यायलाच हवं, हा नियम. मी त्या खोलीत मनाने इतकी वावरले, की तिथलं सामानसुमान मला पाठ झालं. तळघरात खिडकी नव्हती, म्हणून सगळ्यात मोठी खिडकी मी तिला दिली. फिकट पडदे, एक आरामखुर्ची, टेबलावर कुणाचा तरी गार झालेला चहा. बाबा फिरतीवर असायचे, मी दमून यायचे, आणि तू जेवताना म्हणायचीस, आई, आज नऊशेत कोण आलं. मग मी सांगायचे, आज एक फुलदाणी आली, रडत होती. तू घास तोंडात तसाच धरून ऐकायचीस. तुला वाटायचं ती खोली खरी आहे. मी कधी तसं नाही म्हणून सांगितलं नाही, कारण मलाही थोडंसं तसंच वाटायचं.

तू सात वर्षांची असतानाचा तो दिवस. शाळेला सुट्टी, शेजारच्या काकू बहिणीकडे गेलेल्या, आणि आमची महिनाअखेर. तुला मी सोबत घेऊन गेले. टेबलाच्या कोपऱ्याशी बसवलं, जुने कागद दिले आणि कागदाला भोकं पाडायचं यंत्र दिलं. तू त्यातल्या गोल टिकल्यांचा ढीग करत होतीस. हिशेबात एकशे ऐंशीचा फरक दोन दिवस निघत नव्हता. तुला ही खूण आता शिकवली असेलच, फरक नवाने पुरता भागला गेला, की बहुतेक कुठेतरी दोन आकडे जागा बदलून बसलेले असतात. पण कुठे? साहेब दर तासाला येऊन माझ्यामागे उभे राहायचे आणि घड्याळ बघून जायचे. ते बोलण्यापेक्षा वाईट.

पुढचं तुला तोंडपाठ आहे, कारण आपल्या घरात ते शंभर वेळा सांगून झालं आहे. तू उठून नऊशे शोधायला निघालीस. लिफ्टमध्ये सातच्या वर बटण नव्हतं, म्हणून सातव्या मजल्यावर उतरलीस आणि दिसेल तो दरवाजा ढकलत गेलीस. एक उघडला. आत जमिनीपासून छतापर्यंत पांढरे टॉवेल. तुला वाटलं, हीच ती, हिच्या भिंती मऊ आहेत. तू तिथेच झोपलीस. तासाभराने चादरी-टॉवेल सांभाळणाऱ्या मावशी तिथे आल्या, त्यांनी तुला चादरींच्या ढकलगाडीत घातलं आणि खाली आणलं. मी टेबलाशी उभी होते, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. मी म्हणाले, सापडली, मावशी, एकदाची सापडली. मावशींनी पदराने स्वतःचेही डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या हॉटेलात झाली. दारावरचा माणूस सांगायला लागला की त्याने मला लॉबीतून धावताना पाहिलं. स्वयंपाकी म्हणाला, बाई माझ्या शीतगृहातसुद्धा डोकावून गेल्या. मावशी तर म्हणाल्या, पोरी, तुझ्या आईने सातही मजले पालथे घातले, अशी आई मिळायला नशीब लागतं. तू माझा हात घट्ट धरून ऐकत होतीस. बाबा ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे असं बघतात, की मी उठून चहा टाकायला जाते.

आता मी त्याच खात्याची प्रमुख आहे. वर पहिल्या मजल्यावर खोली मिळाली, खिडकीसकट. मावशी निवृत्त झाल्या, साहेब कधीच गेले. लाँड्रीच्या भिंतीची थरथर इथपर्यंत येत नाही, म्हणून मी दिवसातून एकदा काहीतरी निमित्त काढून खाली जाते आणि भिंतीला हात लावून येते. खालच्या मुली आपसात म्हणतात, मॅडम भिंतीची नाडी बघायला आल्या. तुला ही नोकरी आवडेल, मनी, यात मला शंका नाही. म्हणून तर इतके दिवस लिहायचं टाळलं. नुसतं ‘घे’ म्हणायला काय लागतं, एक अक्षर. पण तू ज्या भरवशावर ती घेणार आहेस, तो भरवसा मी दिलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

मी तुझ्यामागे धावले नव्हते. खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. त्या तासात मला एक बिल मिळालं, पाच हजार एकशे तीसचं, वहीत चढवलेलं पाच हजार तीनशे दहा. बरोबर एकशे ऐंशी. मी ताडकन उभी राहिले, आणि त्याच क्षणी दारात मावशी आल्या. मी ‘सापडली’ म्हणाले ती वहीतली चूक होती, मनी. तू नाहीस. डोळ्यांतलं पाणीही तिच्यासाठीच होतं. तू हरवली होतीस, हे मला तू गाडीतून हात वर करून माझ्याकडे बघायला लागलीस तेव्हा कळलं, आणि तोवर मावशी रडायला लागल्या होत्या. मी तो शब्द तसाच राहू दिला. पंधरा वर्षं राहू दिला, कारण तू माझा हात त्या दिवशी जसा धरलास तसा परत धरणार नाहीस अशी भीती वाटली. आणि याहून सांगायला अवघड ते हे, की तो तास माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या तासांतला एक होता. तू तिथे नव्हतीस, आणि मला काही कमी वाटत नव्हतं. हे काम माणसाला असं नेतं, मनी. तुलाही नेईल, कारण अंड्याच्या बिलापाशी तूही थांबशील. दोन्ही जमतं की नाही, मला ठाऊक नाही. मला जमलं नव्हतं, आणि तरी मी हेच काम परत निवडेन. हे वाच, माझ्यावर रागाव, हवं तेवढे दिवस फोन करू नकोस, पण शनिवारचं उत्तर हे वाचून झाल्यावर दे.

तुझीच,
आई