सोळाव्याच्या पत्रिकेवरची पिवळी पट्टी

वहीचं पहिलं पान

मिठागरात राबणाऱ्या माझ्या बायांनो, शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्या सगळ्याच जणींनो, आपली तक्रार एकच आहे. धोक्याची पाटी लावणारे ती आपल्याला वाचता येणार नाही अशाच भाषेत लावतात. आणि माणूस मेलं की वर विचारतात, पाटी होती ना?

(सभेतल्या भाषणाची सुरुवात. शेवटचं वाक्य अजून सुचायचंय.)

३ जून, तूत्तुकुडी

आले एकदाची! मदुरैहून बसने तीन तास, आणि उतरते तर अण्णाच्ची मला घ्यायला चक्क लॉरी घेऊन उभे. त्यांच्या मुलाची, नवीकोरी. टपावर मोर रंगवलाय, पण एकच पंख निळा, दुसरा नुसती खडूची रेघ. अण्णाच्ची म्हणाले, रंगारी मध्येच स्वतःच्या लग्नाला पळाला. तो परत येईपर्यंत मोर एका पंखाने उडेल, तुझी काही हरकत?

यांचं नाव तवसिमुत्तू. बावीस वर्षं मिठागरातल्या बायांच्या संघटनेची कचेरी सांभाळतात. किल्ली, रजिस्टर आणि करुपट्टीची, ताडगुळाची कॉफी, तिन्ही त्यांच्याच हातात. मुदलाळीपासून, म्हणजे मिठागराच्या मालकापासून, तिथल्या पोरीबाळींपर्यंत सगळे त्यांना अण्णाच्चीच म्हणतात, थोरला भाऊ. मला त्यांनी विचारलं की मदुरैच्या सगळ्याच बाया इतकं बोलतात की फक्त स्टेजवर चढणाऱ्या? मी म्हटलं, तूत्तुकुडीला कमी ऐकू येतं असं कळलं, म्हणून आवाज चढवलाय. हसता हसता त्यांच्या हातातला मॅकरूनचा पुडा सांडला.

कचेरी मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानावर. एक जिना, एक टेबल, एक संगणक. खिडकीखाली जाळ्यांचे ढीग, त्यापलीकडे पांढरंशुभ्र मीठ, डोळे दिपेपर्यंत. सचिव म्हणून माझं नाव अण्णाच्चींनीच सुचवलं होतं म्हणे. या म्हाताऱ्याला मी कधीच विसरणार नाही.

५ जून

काम समजलं. एप्रिलमध्ये वेल्कनी नावाची बाई पंपाजवळच्या खाऱ्या पाण्यात उतरली आणि वीज लागून जागच्या जागी गेली. पंपावर पाटी होती, इंग्रजीत. मुकादमाला तीनदा सांगूनही तार बदलली नाही, असं त्रेचाळीस जणींनी शपथेवर लिहून दिलंय. सुनावणी २८ जूनला. तोवर ही नावं फक्त न्यायाधीश पाहणार. एक नाव जरी आधी फुटलं, तरी मुदलाळी एकेकीला गाठून फिरवेल आणि वेल्कनी स्वतःच्या चुकीने मेली असं कागदोपत्री ठरेल.

आधीच्या सचिवबाई नावांची वही पोलक्यात ठेवायच्या. अण्णाच्ची मला तंगच्ची म्हणतात, धाकटी बहीण. म्हणाले, तंगच्ची, पोलक्याचे दिवस गेले. घाम आला की शाई फुटते. संगणकात घाल आणि कुलूप लाव. घातली यादी. पासवर्ड टाकताना ते मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. असा सचोटीचा माणूस! मूळ सह्यांचे कागद मी पेटीत ठेवले.

सही करणाऱ्यांतली सोर्णम भेटून गेली. मला टीचर म्हणते. म्हणाली, टीचर, भाषणात माझं नाव घेऊ नका, पण माझ्यासारखं कुणीतरी फार देखणं होतं एवढं सांगा. तिच्याबरोबर मिठागरात राबणारी इसक्कियम्माळ बाजूला होती, ती म्हणाली, मग खोटं बोलल्याबद्दल टीचरलाच आत टाकतील.

९ जून

आज एक गंमत. ईमेलवर सोळाव्याची पत्रिका आली! वेंबारच्या शाखेचा पत्ता, कुणी अरुळप्पन नावाचे जुने कार्यकर्ते वारले, सोळाव्या दिवसाचं कार्य अमुक तारखेला. ईमेलच्या खिडकीनेही काहीतरी बजावलं, सोबतची फाइल ओळखीची नसेल तर जपून. मी म्हटलं, वेंबार ओळखीचंच आहे. फाइल उघडली तर काळी चौकट, आत अर्धीच अक्षरं, आणि वर ठळक पिवळी पट्टी. पट्टीवर इंग्रजीत दोन ओळी आणि एक बटण.

मी ती वाचणार, इतक्यात मागून अण्णाच्ची कळवळले. अगं, मेलेल्या माणसाच्या डोक्यावर पिवळं! हळद लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लागते, सोळाव्याच्या पत्रिकेला कुणी लावतं का? काढ ती आधी, त्याच्या घरच्यांना काय वाटेल?

मी स्टेजवरून अंधश्रद्धेचे वाभाडे काढणारी बाई. हसले, आणि दाबलं बटण. पट्टी गेली, पत्रिका पूर्ण दिसली. दोन हात जोडले.

मग ते म्हणाले, आता पुसून टाक. सोळाव्याची पत्रिका वाचून झाली की फाडायची असते, छपराखाली ठेवायची नसते. पुसली. कचरापेटीतूनसुद्धा पुसायला लावली. म्हाताऱ्यांचं मन राखायला काय जातं?

१४ जून

दोन दिवस संगणक विचित्र वागतोय. मी हात लावलेला नसतो आणि पडद्यावरचा बाण हळूच सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. कुणीतरी वाचताना ओळीखाली बोट धरावं तसा.

यादीच्या फाइलवर शेवटची उघडल्याची वेळ पाहिली. काल दुपारी सव्वातीन. सव्वातीनला मी मिठागरात गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी होते. कचेरीला कुलूप होतं.

अण्णाच्ची म्हणाले, समुद्राची हवा; मीठ माणसाच्या हाडांत शिरतं, ते यंत्रात शिरणार नाही?

१७ जून

वेंबारहून पुन्हा पत्रिका. पुन्हा पिवळी पट्टी. बटणावर हात आपोआप गेला.

काळ्या चौकटीत सोर्णमचं नाव. गाव तिचंच, नवऱ्याचं नावही तेच. वय वर्षे ७३, दीर्घ आयुष्य जगून २४ जून रोजी देवाघरी.

आज १७ आहे. आणि सोर्णम तासाभरापूर्वी इथेच बसून इडियाप्पम खात होती.

निरोप धाडून तिला बोलावलं. ती आणि इसक्कियम्माळ पोट धरून हसल्या. सोर्णम म्हणाली, त्र्याहत्तर? म्हणजे आता पेन्शन चालू करा. इसक्कियम्माळ म्हणाली, जेवणात वडा-पायसम असेल तर मी येईन, नुसत्या भातावर रडणार नाही.

मी हसले नाही. सोर्णम सदतिसाची आहे. तिला त्र्याहत्तरची जगात एकाच ठिकाणी केलंय: माझ्या यादीत. टाइप करताना आकडे उलटे पडले होते. ती चूक मला आत्ता दिसली. दुसऱ्या कुणाला दिसण्याचं कारणच नाही—

१८ जून

वेंबारच्या सचिवांना, कोयिल्पिळ्ळैंना, फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे कुणीही वारलेलं नाही. अरुळप्पन नावाचा माणूस आमच्या शाखेत कधी नव्हताच. आमच्या ईमेलचा पासवर्ड गेल्या पावसाळ्यापासून आम्हालाच लागत नाही. मग म्हणाले, बाई, पहिल्याच दिवशी एक फोन का नाही केलात?

दोन मिनिटांचा फोन.

त्या पट्टीवर काय लिहिलं होतं ते आज शोधून वाचलं. बाहेरून आलेली फाइल, धोकादायक असू शकते, खात्री नसेल तर आहे तशीच राहू द्या. बटण दाबणं म्हणजे आत यायची परवानगी देणं. मी तीन भाषा वाचते. वाचनालयाची अर्धी कपाटं मी रिकामी केली. आणि ती दोन ओळींची पाटी मी वाचली नाही, कारण तिचा रंग अशुभ होता. वेल्कनीला निदान वाचता येत नव्हतं!

बारीक अक्षरात परक्या भाषेत इशारा लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. पण पाटीकडे बोट दाखवून ती काढ म्हणणारा—नाही. अण्णाच्चींना काय कळतं संगणकातलं.

संगणकाची इंटरनेटची तार उपटून ठेवली.

२० जून

उशीर झालाय. छापील पत्रिका बायांच्या दारांत पडताहेत. काळी चौकट, प्रत्येकीचं नाव, पुढची तारीख. सोर्णमच्या सासूने आपल्या सुनेची पत्रिका हातात घेतली आणि उंबऱ्यातच कोसळली.

पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाला, पत्रिका देणं गुन्हा नाही. जेवायला बोलावलंय तर जा. पुरावा मागितला. कुठून देऊ? प्रत्येकीने ती वाचली आणि फाडली. छपराखाली ठेवायची नसते ना. मीसुद्धा दोन्ही पुसल्या.

ज्याने हे केलं त्याला आमचे रिवाज पाठ आहेत. तो परका नाही.

२२ जून

अकरा जणींनी सही मागे घेतली. एकीने माझ्या पायाशी पत्रिकेचे तुकडे टाकले आणि म्हणाली, टीचर, तुम्ही म्हणाला होतात कुलूप आहे.

तुकडे मी वेचले. 

सोर्णम आली. म्हणाली, मी सही काढणार नाही. त्र्याहत्तर वर्षांची बाई कुणाच्या बापाला घाबरते?

२४ जून

सोर्णम गेली.

सकाळी साडेसहा. मिठागराच्या कच्च्या वाटेवर. लॉरी मागून आली. थांबली नाही.

इसक्कियम्माळ शंभर पावलं मागे होती. नंबर वाचता येत नाही तिला. पण टपावरचं चित्र तिने पाहिलं. मोर होता, म्हणाली. एकाच पंखाचा—

२५ जून

अण्णाच्ची अंत्ययात्रेत सगळ्यांच्या पुढे होते. मोठ्याने रडले. परत आल्यावर माझ्यासाठी कॉफी केली. दोन पेले, नेहमीसारखे. मी प्यायले. 

पहिल्या दिवशी मी त्या लॉरीत बसले होते. मागे ताडपत्रीखाली मीठ होतं. कुणाचं मीठ, ते मी विचारलं नाही.

आज जाळीवाल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, कुणाचं म्हणजे? मुदलाळीचं. अण्णाच्चीच्या पोराला वर्षभराची वाहतूक मिळाली की.

२६ जून

आमची केस लढवणाऱ्या मदुरैच्या वकीलबाईंच्या उत्तरासाठी दहा मिनिटं तार जोडली. एक ईमेल आली. सोबत फाइल. फाइलचं नाव: पूंगोदै, सोळावा.

पूंगोदै म्हणजे मी.

उघडली नाही. पुसलीही नाही, स्वतःची पत्रिका कोण फाडणार? न उघडता फाइलची माहिती पाहता येते, ते एवढ्या दिवसांत शिकले. बनवणारा: तवसि लॉरी सर्व्हिस. बनवल्याची तारीख: २ जून.

मी ३ जूनला आले.

म्हणजे मॅकरूनचा पुडा हातात घेऊन हसणाऱ्या त्या माणसाने माझी पत्रिका आदल्या दिवशीच—

मला सुचवलं, कारण मी यादी टाइप करीन. पासवर्डच्या वेळी तोंड फिरवलं, कारण त्याला पासवर्डची गरजच नव्हती; एकदा आत शिरलं की मी टाइप करीन ते सगळं दिसणारच होतं. फक्त पट्टी काढणारा हात हवा होता. त्याला स्वतः काहीच करायचं नव्हतं. सगळं मी केलं.

तो खाली पेले धुतोय. गुणगुणतोय.

२७ जून, सकाळी ९

इसक्कियम्माळ आठच्या बसने गेली. मूळ सह्या, सोर्णमची धरून उरलेल्या बत्तीस, पेजेच्या डब्यात, वर भात. मदुरैला वकीलबाईंच्या हातात. बस अकराला पोहोचते.

मीही जाऊ शकले असते. पण खुर्ची रिकामी दिसली असती तर लॉरी बसच्या मागे गेली असती. म्हणून बसलेय. टाइप करतेय, खोटंखोटं.

फोन अण्णाच्चींनी सकाळीच खाली चार्जिंगला नेला.

१०.२०

लॉरी खाली आली. जिन्याला टेकून उभी. दुसरा पंखही रंगवलाय आता.

१०.४०

अण्णाच्ची दारात डोकावले. विचारलं, इसक्कि आज दिसली नाही? मी म्हटलं, सोर्णमच्या घरी. माझ्या पडद्यावर नजर टाकली. मग म्हणाले, तंगच्ची, आज फार कमी बोलतेस.

११.०५

पोहोचली. पोहोचलीच असणार.

पावलं जिन्यावर. दोन माणसांची. कॉफीचा वास. पेल्यांचा आवाज नाही—एकच पेला आहे.

वही खिडकीतून जाळ्यांच्या ढिगावर टाकतेय. सभेत वाचा. शेवटचं वाक्य सुचलं.

बायांनो, पिवळी पट्टी दिसली की हात मागे घ्या. पाठवणाऱ्याला फोन लावा, त्याच्या तोंडून ऐका की फाइल त्यानेच पाठवली. पत्रिका लग्नाची असो, सोळाव्याची असो, मागे कुणी कितीही आपलं माणूस उभं असो, आधी फोन लावा, त्याच्या तोंडून ऐका, मगच ती—