शब्द अडला तर

आबा,

परवा मी पुन्हा इंग्रजीच्या परीक्षेला बसून आले. चाळिशी गाठलेली तुमची लेक, नाकावर चष्मा, आजूबाजूला कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं आणि समोर वाचायला तीन लांबलचक उतारे. तुम्ही असता तर म्हणाला असता, इंग्रजीच्या मास्तराच्या पोरीवर ही पाळी? आडात एवढं होतं, मग पोहऱ्यात का येईना? तर ऐका. परदेशात नर्स म्हणून जायचं असेल तर ही परीक्षा द्यावीच लागते. ऐकायचं, बोलायचं, लिहायचं आणि वाचायचं, असे तिचे चार भाग. बाकीच्या तिन्हींत मी तरून जाते. वाचनात बुडते. याआधी दोनदा बुडाले. ज्यात तुम्ही मला सगळ्यांत पक्कं केलंत, नेमकं त्यातच.

जायची हौस म्हणाल तर अजिबात नाही. सांगलीतल्या ज्या दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथं मी अजून कंत्राटीच आहे. अकरा महिने भरले की एक दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवी नेमणूक द्यायची, म्हणजे कायम करा म्हणायला तोंड उरत नाही. यंदा मात्र सरळ सांगितलं, या वेळेनंतर नेमणूक नाही, ताज्या मुली घेणार. ताज्या, जशी काही मेथीची जुडी. इकडं परदेशातल्या एका दवाखान्यानं मुलाखत घेऊन माझी जागा धरून ठेवली आहे, पण तीही या परीक्षेच्या निकालापर्यंतच. या वेळी वाचन सुटलं नाही तर ती जागा दुसरीला, आणि इथली तर गेलेलीच. माझं लग्न काही झालं नाही, त्यामुळं मागं उरते ती एकटी आई. ती म्हणते, ‘‘तू जा. माजं काय, मी भावाकडं ऱ्हाईन औंधाला. यमाईदेवी हाय की सोबतीला.’’ हे बोलताना ती माझ्याकडं बघत नाही, हातातलं काम करत राहते.

म्हणून मी सांगलीतच विश्रामबागेत एका क्लासला नाव घातलं. शिकवणारी मॅडम माझ्यापेक्षा बरीच लहान आहे. चपळ, हुशार, जरा तोंडाळ. मला ती ताई म्हणते आणि ताई म्हणत म्हणतच झापते. पहिल्या सराव परीक्षेत मी तिसऱ्या उताऱ्यापर्यंत पोचलेच नाही. दुसऱ्याच्या मध्यावर तास संपला. तिनं माझा पेपर बघितला नाही, माझ्याकडं बघितलं. ‘‘ताई, तुमचे ओठ हलतात,’’ म्हणाली. ‘‘तुम्ही वाचत नाही, तुम्ही भाषांतर करता. एकेका शब्दाचा मराठी अर्थ लावल्याशिवाय तुम्ही पुढं सरकत नाही. कुणी शिकवलं हे असलं?’’ मी काय सांगणार? ज्यांनी शिकवलं ते वारले, आणि ते माझे वडील होते, असं भर वर्गात सांगून तिची पंचाईत कशाला करायची.

तुमची शाळा आठवते ना तुम्हाला? आटपाडीपासून आत, कुसळाच्या माळावर, पत्र्याची. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि तुम्ही खडू धरलेल्या हातानंच कपाळ पुसायचा, त्यामुळं तास संपेपर्यंत तुमचं कपाळ पांढरं झालेलं असायचं. घरातून निघताना तुम्ही आबा असायचा आणि ओढा ओलांडला की सर. ओढ्याच्या पलीकडं मी तुम्हाला आबा म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. आणि तुमची ती पद्धत. एक ओळ वाचायची, थांबायचं, शब्द सुटा करायचा, त्याचा अर्थ साऱ्या वर्गानं एका सुरात म्हणायचा. फार्मर म्हणजे शेतकरी. क्लाउड म्हणजे ढग. ऑल्दो म्हणजे जरी. बाहेरून जाणारी मेंढरंसुद्धा ऐकून ऐकून शहाणी झाली असतील, असं आई म्हणायची. अर्थ कळल्याबिगर पुढची ओळ नाही, हा तुमचा कायदा. त्या माळावरच्या पोरांना इंग्रजी म्हणजे काळोख वाटायचा, आणि तुम्ही त्यांना एकेक पायरी चाचपत नेत होता, हे मला आता कळतं. तेव्हा कळायचं ते एवढंच, की सर शब्द सोडू देत नाहीत.

आठवीत मी एकदा सोडला होता. धडा मोठा होता, मला शहाणपणा मिरवायचा होता, आणि एक अडलेला शब्द मी गिळून पुढं वाचत गेले. तुम्ही हात वर केलात. ‘‘मागं ये.’’ मी म्हटलं, तो शब्द काही महत्त्वाचा नाही सर, त्याच्याविनाही कळतंय. तुम्ही मला उरलेला तास उभं केलंत. ‘‘तो तिथं उगंच येऊन बसलेला नाही. कुणीतरी काहीतरी सांगायला त्याला तिथं ठेवलाय. तू त्याला ओलांडून गेलीस.’’ सगळी पोरं माझ्याकडं बघत होती, मास्तरची पोरगी म्हणून जरा जास्तच खुशीनं. घरी आल्यावर मी जेवायला फुगून बसले. तुम्ही भाकरीचा वरचा कुरकुरीत पापुद्रा काढून माझ्या ताटात ठेवलात. मी तो खाल्ला, पण राग सोडला नाही. आपण दोघंही तसलेच, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

पण आबा, मी आज थांबते ती त्या शिक्षेमुळं नाही. ते मॅडमला सांगता आलं नाही, तुम्हाला सांगता येईल.

अर्धांगाच्या झटक्यात तुमचा उजवा हात गेला आणि वाचा गेली, तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मामांनी तुम्हाला औंधाजवळच्या आपल्या घरी आणून ठेवलं होतं. मी सुट्टी मिळाली की सांगलीहून निघायची, विट्याला गाडी बदलायची. डॉक्टर म्हणाले होते, डोकं शाबूत आहे, समजतं सगळं, पण शब्द हाताशी येत नाहीत. तुम्ही काहीतरी मागायला तोंड उघडायचा आणि नुसताच एक घोगरा आवाज निघायचा. मग तुम्ही डोळे मिटून घ्यायचा. जन्मभर दुसऱ्याला शब्द वाटलेल्या माणसाची ही गत, बघवत नव्हतं.

एका दुपारी मी तुमच्या खाटेशेजारी बसून माझा अभ्यास करत होते. आपल्या पद्धतीनं, मोठ्यानं. हार्ट, मी म्हणाले आणि दम घ्यायला थांबले. खाटेवरून आवाज आला, ‘‘हृदय.’’ मला वाटलं दारात कुणी आलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, लंग्ज. तुम्ही म्हणालात, ‘‘फुप्फुसे.’’ स्वच्छ, शाळेतल्यासारखं. स्किन. ‘‘त्वचा.’’ आई पिठाचे हात घेऊन धावत आली. ‘‘बोललं? तुजं आबा बोललं?’’ तिनं तुमच्या तोंडासमोर तोंड नेलं. ‘‘आवं, काय पायजे तुमास्नी? सांगा की मला.’’ तुम्ही तिच्याकडं बघितलंत, ओठ हलवलेत, आणि पुन्हा तोच घोगरा आवाज. आपणहून एक शब्द नाही. मात्र इंग्रजी शब्द कुणी पुढं केला, की त्याचा अर्थ तुमच्या तोंडून आपोआप यायचा. इतकी वर्षं तासाला बोललेलं तेवढं आत शिल्लक राहिलं होतं.

मग घरात तेच सुरू झालं. तुम्हाला काही हवं असलं की मी एकेक शब्द पुढं करायची. वॉटर. ‘‘पाणी,’’ म्हणायचा, आणि मान हलवून नाही म्हणायचा. मिल्क. ‘‘दूध.’’ नाही. विंडो. ‘‘खिडकी,’’ आणि मान जोरानं होय. मी खिडकी उघडायची. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण मी नसताना तुमचं कसं व्हायचं, म्हणून ती माझ्याकडून शब्द शिकली. चुलीपुढं बसून घोकायची, वाटर, राईस, ब्लँकेट. एकदा हळूच मला म्हणाली, ‘‘बायकूला काय म्हणत्यात गं?’’ मी सांगितलं. ती पदर नीट करून तुमच्या खाटेशी गेली, उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘वाईफ.’’ तुम्ही तिच्याकडं बघून म्हणालात, ‘‘पत्नी.’’ आई हसायला लागली. ‘‘पत्नी म्हणत्यात बग. उभ्या जन्मात कदी म्हणलं न्हाईत.’’ हसता हसता ती तिथंच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तुम्हाला कळत होतं, आबा. तुमचा डावा हात तिच्या डोक्याकडं जात होता, पण ती बसली होती तिथवर तो पोचत नव्हता.

शेवटच्या खेपेला तुम्हाला काहीतरी हवं होतं. मी आल्यापासून तुम्ही डाव्या हातानं खाट थोपटत होता. मी सुरू केलं. वॉटर, पाणी, नाही. पेन, वेदना, नाही. सन, स्कूल, चॉक, रिव्हर. सगळे अर्थ बरोबर, आणि प्रत्येकाला मान नाही. मी अंगातल्या हाडांची नावं घेतली, नात्यांची घेतली, दहावीच्या पुस्तकातले आठवतील तेवढे सगळे शब्द घेतले. तुम्ही एकेकाचा अर्थ देत होता आणि माझ्याकडं असं बघत होता, जसं मीच पाठ न करता वर्गात आले आहे. शेवटी आई म्हणाली, ‘‘पुरं कर आता. दमलं ते.’’ तुम्ही भिंतीकडं तोंड फिरवलंत. माझी गाडीची वेळ झाली होती. पुढच्या सुट्टीला मी आले ती तुमच्या मातीला.

तेव्हापासून कुठलाही नवा इंग्रजी शब्द दिसला की मी तो तुमच्यापुढं धरते. हा होता का, आबा? औषधाच्या खोक्यावर, बसच्या पाटीवर, पेशंटच्या कागदावर. हा होता का? तो मराठीत नेला, की तुम्ही मान हलवता. नाही. मग पुढचा. परीक्षेचा उतारा म्हणजे तर अशा शब्दांचं वारूळच. त्यातून मी धावत कशी जाऊ? मॅडम म्हणते, ‘‘ताई, आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात नुसती नजर फिरवा. सगळा वाचायचाच नसतो. शब्द अडला तर सोडून द्या, तो काही तुमचा पाहुणा नाही.’’ मी हो हो म्हणायची आणि घरी येऊन पुन्हा ओठ हलवायची. पालथ्या घड्यावर पाणी. दोनदा नापास झाले ती अशी.

या वेळी मात्र मी घाबरले. दवाखान्यात नव्या नेमणुकांचं पत्रक लागलं, त्यात माझं नाव नव्हतं. आईच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं आहे, तिला भावजयीच्या हाताखाली रिकाम्या हातानं पाठवायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मग मी मॅडमचं ऐकायला लागले. दातांत पेन धरून वाचायची, म्हणजे ओठ हलत नाहीत. जीभ टाळूला लावून ठेवायची. शब्द अडला की, तुम्हाला हाक जायच्या आत, खालच्या ओळीवर उडी. पहिल्या दिवशी नाही जमलं. पुढं पुढं जमायला लागलं. मॅडम खूश झाली, माझा पेपर सगळ्यांना दाखवला.

परवाच्या पेपरात तिसरा उतारा समुद्रकाठच्या शिंपल्यांवर होता. त्यात मला माहीत नसलेले शब्द होते, चांगले ठळक, डोळ्यांत भरणारे. मी त्यांना ओलांडून गेले. एकदाही थांबले नाही. वेळ संपायच्या आत सगळी उत्तरं झाली, आणि हात मोकळे करून मी समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत बसले. तेव्हा मला फार हलकं वाटलं, हेही सांगते. परीक्षा पुण्याला होती. तिथून परतताना गाडी साताऱ्याच्या स्टँडवर चहाला थांबली. तेव्हा म्हटलं, आता सवड आहे, ते सोडलेले शब्द काढू आणि एकेक तुमच्यापुढं धरू. शिंपले आठवले, भरती-ओहोटी आठवली. त्या शब्दांतला एकही आठवला नाही. गाडी सुटली तरी मी आठवत होते, कऱ्हाड गेलं तरी आठवत होते.

घरी आले तर आई न झोपता बसून होती. ‘‘कसा गेला?’’ म्हणाली. चांगला गेला म्हटलं. तिचं तोंड केवढं उजळलं. ‘‘मला ठावं हुतं. त्यांनी शिकवल्यालं कामाला आलं न्हवं?’’ मी तिला व्हय म्हणाले. तुम्हाला मात्र खोटं सांगवत नाही, आणि खरं तुमच्यापर्यंत पोचवायची सोय नाही, म्हणून हे नुसतं लिहिते आहे. मी पास होईन, आबा. तुमच्यासाठी थांबले नाही म्हणून होईन.