पोटात लागलेला बाण

तीर्थरूप आबा,
नामिबियाहून ओमकारचा नमस्कार. मी बरा आहे. थंडी आहे, पण स्वेटर पुरतो. कळंबची लावणी आटोपली का?

इथे परवान्याने धनुष्यबाणाची शिकार चालते; आलेल्या पाहुण्यांना जनावर दाखवायचं आणि बाण कधी सोडायचा ते सांगायचं, हे माझं काम. बाण पुढच्या पायामागे, फुप्फुसात लागला, तर जनावर फार तडफडत नाही. काल मोठं हरीण तिरकं उभं होतं. आडवं वळेपर्यंत थांबायला हवं होतं. पुण्याच्या पाहुण्यांनी घाई केली आणि मी ‘सोडा’ म्हणालो. बाण पोटात गेला. रक्ताचा माग खडकात हरवला.

‘जाऊ दे रे, दुसरं मिळेल,’ पाहुणे म्हणाले.

आजोबांचं बोलणं तुम्हीच सांगायचात, ‘जखमी जनावर मिळंपर्यंत घास घ्यायचा नाय रं.’ कालपासून जेवलो नाही. पुन्हा शोधायला निघतोय.

आईला वाचून दाखवताना एवढं गाळा. पोरगा वेळेवर जेवतो, असं वाचा.

तुमचा,
ओमकार