ट्रकमध्ये कोण होतं

मंगळवार, ९ एप्रिल

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी माझ्याच हाताने माझी वाट लावली. वेळ नक्की ठाऊक आहे, शेगडीवरचं घड्याळ समोर होतं. दोन माणसं पायरीवर उभी. हिरवी जाकिटं, केंद्र सरकारचं वन्यजीव खातं. बाहेर पाऊस म्हणावा तर बर्फ, बर्फ म्हणावा तर पाऊस. आमच्या टेनी कोव्हमध्ये कुणाला पायरीवर भिजत ठेवत नाहीत. "या आत," म्हणालो. कॉफी ओतली. आई कामावर जाण्याआधी तळून गेली होती ते डोनट पुढे केले. गाढव! पाहुणचार करत होतो!

थोरला गोड बोलत होता. हवा, हंगाम, वाम माशांच्या पिल्लांचा भाव. मग डोनट बशीत ठेवत म्हणाला, "गेल्या वर्षी मार्चमध्ये तू व्हर्जिनियाहून ट्रक आणलास. बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. एकटाच होतो."

एवढंच. एका दमात. आणि माझी जॉस त्या सबंध रस्त्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मागे पाण्याच्या टाक्यांत काचेसारखी पारदर्शक पिल्लं, लाखोंनी. तिकडे ती धरायला बंदी. इकडे मेन राज्यात परवान्यावर चालतं. तिकडची इकडे आणायची, इकडची म्हणून विकायची — धंदा तिच्या बापाचा, ट्रक त्याचा, स्टिअरिंगवर मी.

त्यांनी लिहून घेतलं. एकमेकांकडे बघितलं. कॉफीबद्दल आभार मानून गेले.

मी तिला वाचवलं. बस्स. बाकी काय व्हायचं ते होऊ दे.

बुधवार, १० एप्रिल

जॉसला सांगितलं. रडली. "तू माझं नाव घेतलं नाहीस?" तीनदा विचारलं. नाही घेतलं, तीनदा सांगितलं. मग तिने जी मिठी मारली — तेवढ्यासाठी मी आणखी दहा वेळा खोटं बोलेन!

वेन, म्हणजे तिचा बाप, शेडमध्ये टाक्यांवर वाकला होता. वळलासुद्धा नाही. "वकिलाचं मी बघतो, पोरा. तू तोंड बंद ठेव."

रविवार, १४ एप्रिल

चार दिवस जॉस फोन उचलत नाही. चार!

गुरुवार, १८ एप्रिल

पत्र आलं. जाड पाकीट, सरकारी वकिलाच्या कचेरीतून. आई शाळेच्या स्वयंपाकघरातून आली ती अंगात कोट तसाच ठेवून वाचायला लागली, मोठ्याने. "आपण या तपासाचे लक्ष्य आहात." लक्ष्य! मी काय टांगलेला डबा आहे, गोळी मारायला?

"काय केलंस?"

"काही नाही."

"कॉलेज सोडलंस तेव्हाही हेच म्हणाला होतास. तोंडही हेच होतं."

दार आपटून खोलीत आलो. कॉलेज का सोडलं ते तिला हजारदा सांगितलंय. वसंतातल्या परीक्षा आणि वामांचा हंगाम एकाच वेळी येतात. आणि हंगाम म्हणजे जॉस. रबरी बूट घातलेली, ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात, हातजाळं घेऊन, मला शिव्या देत. सागरी जीवशास्त्राच्या पुस्तकात होतं का असलं काही?

मंगळवार, २३ एप्रिल

पोर्टलँडला जाऊन आलो. वेनच्या गाडीतून. तीन तास जाताना, तीन येताना, आणि मधे पाऊण तास वकील.

प्रेस्कॉट हेल. खिडकीतून बंदर दिसतं. आधी वेनशी हात मिळवला, मग माझ्याशी. वेन खोलीतच बसून राहिला, माझ्या शेजारच्या खुर्चीत, गुडघ्यावर टोपी ठेवून. "तुम्ही जरा बाहेर बसा," असं कुणी म्हणालं नाही. मला विचित्र वाटलं होतं. मग बोललो का नाही? का नाही बोललो!

हेलने मला काय घडलं ते विचारलंच नाही. एक प्रश्न नाही! म्हणाला, "हे बघ, पोरा, साधा मामला आहे. एका आरोपाची कबुली द्यायची. कुणाचं नाव घ्यायचं नाही. कुणाशी बोलायचं नाही. पुढच्याच्या पुढच्या हंगामाला तू घरी असशील."

"माणसासारखा माणूस आहे हा," वेन माझ्या पाठीवर थाप मारत त्याला म्हणाला. माझ्याकडे बघून नाही.

मग एक कागद पुढे आला. फी दुसरं कुणी भरतंय हे मला समजलं आहे आणि मान्य आहे, असा काहीतरी मजकूर. सही केली. न वाचता! चार सेमिस्टर कॉलेजात काढली आणि कागद न वाचता सही!

परतताना वेनने मला लॉबस्टर रोल खाऊ घातला. मी खाल्ला पण. दोन.

शनिवार, २७ एप्रिल

जॉस भेटली. शेडमागे. केसांना वामांचा वास, त्यातही मला बरं वाटतं, काय करू! "बाबा म्हणतात, थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे. मी थांबेन ना." घरी येईपर्यंत मी हवेत होतो.

आता लिहायला बसलो तर डोकं भणभणतंय. भीती वाटते का, असं तिने एकदाही विचारलं नाही.

मंगळवार, ३० एप्रिल

आईने आज तोफ डागली. पत्र टेबलावर आपटलं. खालच्या ओळीवर बोट. वकील करण्याची ऐपत नसल्यास न्यायालयाकडून नेमून घेता येईल, असं काहीतरी. मी ती ओळ वाचलीच नव्हती.

"वकील आहे मला!"

"तुझा? तुला मजुरी देतो वेन. ट्रक देतो वेन. आता वकीलही देतो वेन. अरे, मग या सगळ्यात तुझं काय आहे? पायातले बूट तरी तुझे आहेत ना?"

"तू जॉसच्या घरच्यांवर पहिल्यापासून जळतेस!"

"जळते? वेन ट्रंडीवर?" आणि हसली. तिचं हसणं मला सहन होत नाही. "मी उद्या बँगोरच्या कोर्टाला फोन लावणार. तू येणार असशील तर ये. नाहीतर मी जाऊन तुझ्या जागी बसते, सांगते, माझा मुलगा मूर्ख आहे, शिक्षा मला द्या."

मी येणार नाही म्हणालो.

शुक्रवार, ३ मे

गेलो.

सरकारी बचाव वकील. नाव रेनी विलेट, वर सेंट जॉन नदीकाठच्या, बोलण्यात तिकडची फ्रेंच झाक. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. आई आत यायला निघाली तर हसून म्हणाल्या, "तुम्ही बाहेर, मॅडम. इथे फक्त माझा अशील बसतो." आईला बाहेर काढलं! माझ्या आईला! आणि मला पोर्टलँडची ती शेजारची खुर्ची आठवली. कानशिलं तापली.

दोन तास विचारत होत्या. त्या सकाळचं सगळं, शब्दन् शब्द. कोण कुठे बसलं, आधी काय विचारलं, डोनट कधी खाल्ला. मग:

"ट्रकमध्ये कोण होतं?"

"मी एकटा."

पेन खाली ठेवलं. "आयझक, मी ते दोघे नाही. मला खोटं सांगितलंस तर गुन्हा होत नाही. फक्त माझा वेळ जातो."

मी खिडकीबाहेरच्या गाड्या मोजल्या.

"ती माणसं स्वयंपाकघरात बसून जे विचारतात ते त्यांना आधीच माहीत असतं. तू काय म्हणतोस तेवढं बघायला येतात. वाम आणल्यास हा एक गुन्हा. कोण होतं हे खोटं सांगितलंस हा दुसरा, वेगळा. त्याला तर जाळंही लागलं नाही तुला."

भडकलो. ओरडलो. तुम्हाला काय कळतं, तुमच्यासाठी मी एक फाइल, मी एका मुलीसाठी केलंय ते आणि परत करेन! भिंतीपलीकडचं टायपिंग थांबलं.

"झालं? बस आता."

बसलो.

त्यांनी समजावलं. या कोर्टात जो आधी येऊन खरं सांगतो त्याच्या पदरात काहीतरी पडतं. जो शेवटी येतो त्याला इतरांनी सांगितलेलं ऐकावं लागतं. हेलने हे मला सांगितलं होतं का? नाही. का नाही सांगितलं?

"कारण मी बोललो तर वेन अडकतो." माझ्याच तोंडून आलं ते. त्या काही बोलल्या नव्हत्या.

मग विचारलं, "त्या मुलीला वकील आहे?"

"तिला कशाला? तिचं नावच नाही कुठे!"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

रविवार, ५ मे

हेलला काढायचं तर एक ओळ पुरते म्हणे. "यापुढे आपण माझे वकील नाही." माझे तीन कागद फुकट गेले. पहिल्यात निव्वळ शिव्या. दुसऱ्यात शिव्या आणि खाली 'आपला विश्वासू'. आई वाचून इतकी हसली की तिला खोकला आला. चौथा पाकिटात घातला. अजून टाकला नाही.

सोमवार, ६ मे

शेडवर गेलो. सरळ विचारलं, "हेल माझा वकील की तुमचा?"

वेन टाकीतली मेलेली पिल्लं गाळत होता. "कुणी भरवलं तुला हे? आईने?"

"उत्तर द्या!"

"उत्तर? कॉलेज सोडून आलास तेव्हा दारात कुणी उभं केलं तुला? काम दिलं. ट्रक दिला. पोरगी दिली —"

पोरगी दिली! जाळ्यातून काढून बादलीत टाकल्यासारखी! मी बादलीला लाथ घातली. पाणी त्याच्या बुटांवर.

"त्या सरकारी बाईकडे शेकड्याने खटले पडलेत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "तुझं नाव तरी आठवेल का तिला? जा घरी. डोकं थंड कर."

पाकीट परतताना टपालात टाकलं.

बुधवार, ८ मे

जॉस स्वतःहून आली. आमच्या पायरीवर बसली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. "हेललाच राहू दे, आयझक. माझ्यासाठी."

मी विरघळलो. लिहायला लाज वाटते, पण विरघळलो. तिने हात धरला होता. 'बरं' ओठांवर आलं होतं. मग कोण जाणे कुठून, विचारलं, "तुला वकील आहे?"

हात तसाच राहिला, पण बोटं सैल झाली.

"बाबांनी बघितलाय एक."

"कधी?"

"झाले काही दिवस." आणि उठली. गाडीपर्यंत गेली, परत आली, गालावर ओठ टेकवले, गेली.

काही दिवस म्हणजे किती? मी का नाही विचारलं? उत्तर ऐकायचं नव्हतं म्हणून. स्वतःवरच थुंकावंसं वाटतं.

शुक्रवार, १० मे

विलेटबाईंचा फोन. सरकारी वकिलांनी सोमवारी बोलावलंय. आपण बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. आपल्याविरुद्ध काय काय आहे ते तेच दाखवतात म्हणे, म्हणजे माणूस ठिकाणावर येतो. "आणि काहीही दिसलं तरी खुर्ची सोडायची नाहीस. कबूल?"

कबूल म्हणालो.

सोमवार, १३ मे

खुर्ची सोडली नाही.

पथकराच्या नाक्यावरचा फोटो. ट्रकच्या काचेमागे आम्ही दोघं. मग दोन पानी जबाब, जोसलिन ट्रंडी, वकिलासह हजर. "ट्रकमध्ये मी होते. फिरायला म्हणून गेले होते. वाम आयझकच्या. माझ्या वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं." तारीख २६ मार्च. ते दोघं हिरव्या जाकिटवाले आमच्या पायरीवर येण्याआधी दोन आठवडे!

त्या २६ मार्चला ती संध्याकाळी आमच्याकडे जेवली. आईने चावडर, माशांचं दाट सूप, केलं होतं, दोनदा वाढून घेतलं तिने. आपण घर कुठे बांधायचं, असं मला विचारत होती.

विलेटबाई म्हणाल्या, तिच्याशी बोलू नकोस. मी तिथूनच ट्रंडींच्या घरी गेलो. बापलेक जेवत होते. वेन म्हणाला, "बस, पोरा, वाढून घे." मी फक्त जॉसकडे बघितलं. म्हणालो, "२६ मार्च." तिने चमचा खाली ठेवला. "बाबा म्हणाले, तुला फार शिक्षा होणार नाही..."

इतकं काय काय ठरवून गेलो होतो! ते तसंच परत आणलं. उद्या नऊ वाजता बँगोरला सरकारी वकिलांसमोर बसून बोलायचं आहे, सगळं, पहिल्यापासून. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आपटलं नाही.